दोर धरणारे हात

जुलै २०२३ मध्ये गोव्यातला दूधसागर धबधबा पाहायला रेल्वेच्या रुळांवरून निघालेल्या तरुणांच्या मोठ्या जमावाला पोलिसांनी अडवले आणि त्यांतल्या काहींना रुळांशेजारीच कान धरून उठाबशा काढायला लावल्या. त्याची चित्रफीत घरोघरी पोचली. त्याच सुमारास नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले होते आणि वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली होती. रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्या मार्गावरचे बोगदे, वळणे आणि पावसातले धुके ज्याने पाहिले आहे तो त्या मनाईला नावे ठेवणार नाही. मला अस्वस्थ केले ते उठाबशांनी. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना डोंगराची ओढ लागली होती. त्या ओढीचे काय करायचे हे आपल्याला ठाऊक नव्हते, म्हणून आपण तिला शाळेतली शिक्षा दिली.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात उच्च माध्यमिकच्या मुलांना शिकवतो आणि गेली काही वर्षे, परवानगी मिळेल तेव्हा आणि तेवढ्याच मुलांना घेऊन, डोंगरावर जातो. त्या अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे. डोंगर चढणे आणि कातळावर दोराच्या आधाराने हात-पाय रोवणे ही गोष्ट गोव्याने पर्यटन खात्याच्या यादीतून काढून शिक्षणाच्या आणि नागरी सुरक्षेच्या यादीत घालावी. आत्मविश्वास हरवलेल्या, पुढे काय करायचे हे न सुचलेल्या मुलांना जे आपण व्याख्यानांतून देऊ पाहतो, ते कातळावर अधिक खात्रीने मिळते. आणि ते चढणाऱ्याइतकेच, किंबहुना त्याच्याहूनही जास्त, खाली उभे राहून त्याचा दोर धरणाऱ्याला मिळते.

गोवा म्हटले की समुद्र, ही समजूत बाहेरच्यांनी केली आणि आपणही ती मान्य करून टाकली. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्याची सगळी पूर्व कड सह्याद्रीने अडवलेली आहे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत घाटाच्या सोंडा थेट गावांच्या कुळागरांपर्यंत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांपर्यंत, उतरतात. राज्यातले सर्वांत उंच शिखर, १,१६६ मीटरचा सोसोगड, सत्तरीतच आहे. दर वर्षी अकरावीच्या वर्गात मी या शिखराचे नाव विचारतो आणि दर वर्षी दोन-तीनच हात वर होतात, तेही बहुधा डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलांचे. शहरात वाढलेल्या मुलांना एव्हरेस्टची उंची तोंडपाठ असते.

साहस गोव्यात विकले जाते, हे खरे. मये तलावाजवळ पंचावन्न मीटरवरून दोरीला बांधून उडी मारता येते, पावसाळ्यात म्हादईच्या प्रवाहात रबरी होड्या सोडल्या जातात, आणि दर डिसेंबरात यूथ होस्टेल्सच्या गोवा मोहिमेसाठी देशभरातून माणसे पाठीवर पिशव्या घेऊन येतात. यांतल्या कशालाही माझा विरोध नाही. अनेकांचा चरितार्थ त्यावर चालतो. पण थरार आणि साहस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उडी मारणाऱ्याला एकच निर्णय घ्यावा लागतो, आणि तोही पुष्कळदा मागे उभा असलेला माणूस त्याच्या वतीने घेतो. कातळावर चढणाऱ्याला दर हातभर अंतरावर नवा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो चुकला की कुठे चुकला हे त्याला लगेच, दुसऱ्या कुणाला न विचारता कळते. पैसे देऊन घेतलेला थरार उतरला की मागे छायाचित्र उरते. दुसऱ्या प्रकारात मागे काय उरते, ते एका सकाळच्या हकिगतीवरून सांगतो.

सत्तरीत, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावकऱ्यांच्या संमतीने आम्ही जिथे सराव करतो तो काळा कातळ जेमतेम पंधरा मीटरांचा आहे. आपल्याकडचा जांभा या कामाचा नाही, तो हातात भुगा होऊन येतो. पण घाटाच्या अंगाला काळा, घट्ट दगड लागतो. त्या दिवशी अकरावीतली एक मुलगी चढत होती. तिने कमरेच्या पट्ट्याला आठाची गाठ मारली, ती तिच्या जोडीदाराने तपासली, मग प्रशिक्षकाने तपासली. चार मीटरांवर गेल्यावर एका बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावर तिचा उजवा पाय थरथरायला लागला. शिवणयंत्राच्या सुईसारखा गुडघा खाली-वर व्हायला लागतो, चढणाऱ्या सगळ्यांनाच हे कधी ना कधी होते. तिने दोनदा वरची खोबण धरायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा निसटून दोरावर लोंबकळली, आणि मग खाली घ्या म्हणाली. आम्ही खाली घेतले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी समजूतही काढली नाही, असा आमचा नियमच आहे. ती अर्धा तास बाजूला बसून इतरांना पाहत राहिली. तिच्या लक्षात आले की, जे वर जात होते ते हातांकडे कमी आणि पायांकडे जास्त बघत होते. दुसऱ्या खेपेला तिने डाव्या पायासाठी आधी दुर्लक्षिलेली एक कपार शोधली, पहिल्यापेक्षा दोन हात वर गेली, पुन्हा निसटली आणि पुन्हा खाली आली. माथ्यावर ती त्या दिवशी पोचलीच नाही. परतीच्या बसमध्ये ती आईला फोनवर सांगत होती, "वर पोचले नाही गं, पण कुठे अडकते ते मला कळलंय."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा आठवले आहे, कारण आत्मविश्वासाचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. आपल्या शाळांत आत्मविश्वास म्हणजे 'मी करू शकतो' अशी घोषणा, असे शिकवले जाते. परीक्षांच्या आधी वक्ते येतात, मुले उभी राहून वाक्ये म्हणतात, आणि निकाल लागल्यावर ती वाक्ये त्यांच्याच अंगावर येतात. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली माणसाच्या स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाची मांडणी केली, तेव्हा या विश्वासाचे चार स्रोत सांगितले होते: स्वतः करून पाहिलेले काम, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांनी शब्दांनी दिलेला धीर, आणि भीतीच्या वेळी आपल्या शरीरात जे होते त्याचा आपण लावलेला अर्थ. यांत सर्वांत पक्का स्रोत त्याने स्वतः केलेल्या कामाला मानला. नुसत्या शब्दांतून आलेला धीर त्याच्या मते कच्चा, अनुभवाच्या पहिल्या धक्क्याला ढासळणारा. आपण नेमकी सगळी भिस्त या कच्च्या धीरावर ठेवली आहे. त्या सकाळी चारही स्रोत एका कातळाच्या पायथ्याशी हजर होते, आणि गुडघा थरथरणे म्हणजे हार नव्हे, ती नुसती स्नायूंची थकावट असते, हेही त्या मुलीला कुणी न सांगता उमगले.

आता दोर धरणाऱ्याविषयी. गिर्यारोहक ज्याला 'बिले' (इंग्रजी belay) देणे म्हणतात, त्या कामात खालचा माणूस चढणाऱ्याचा दोर एका घर्षणाच्या उपकरणातून ओढून घेत राहतो आणि चढणारा निसटला की तोच दोर आवळून त्याला अधांतरी थोपवतो. याचा एकच अबाधित नियम आहे: दोराच्या खालच्या बाजूचा हात कोणत्याही परिस्थितीत सुटता कामा नये, डास चावला तरी नाही, कुणी हाक मारली तरी नाही. त्या मुलीचा दोर एका मुलाने धरला होता. हा मुलगा एक वर्ष नापास झालेला, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा आणि शिक्षकखोलीत ज्याचे नाव निघाले की सुस्कारे निघत असा. घरी काजूची भट्टी. मार्च-एप्रिलमध्ये त्याची हजेरी निम्म्यावर येते. त्याच्या मागे प्रशिक्षक दोराची शेपटी धरून उभा होता, तरीही पहिला भार त्याच्याच हातावर येत होता. वीस मिनिटे तो मान वर करून तिच्या टाचांकडे बघत होता. ती उतरल्यावर त्याने तळवे सदऱ्याला पुसले आणि मला विचारले, "सर, ती खरोखर पडली असती तर?" मी म्हटले, "पडलीच की, तीनदा. तू धरलीस."

त्याच्या वयाच्या मुलांना आपण सतत सांगतो की स्वतःसाठी काहीतरी कर, स्वतःचे भविष्य घडव. आयुष्याला दिशा मिळते ती बहुतेक वेळा उलट बाजूने: कुणाला तरी आपला आधार लागतो आणि आपण तो देऊ शकतो, हे कळल्यावर. शाळेत त्याच्यावर कुणाचेही काही अवलंबून नव्हते. त्याच्या चुकीने फक्त त्याचेच गुण कमी होत. कातळाखाली पहिल्यांदा त्याच्या लक्ष देण्याला आणि न देण्याला वजन आले.

हा विचार नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधल्या ॲबरडोव्ही येथे तरुण खलाशांसाठी एक शाळा काढली, तीच पुढे आउटवर्ड बाउंड या नावाने जगभर पसरली. बोटी बुडाल्यावर जीवनरक्षक होड्यांमध्ये धडधाकट तरुण आधी धीर सोडतात आणि वयस्क, अनुभवी खलाशी तग धरतात, असे त्यांच्या लक्षात आले होते. अंगात ताकद होती, पण कठीण प्रसंगातून आपण आधी पार पडलो आहोत ही खात्री नव्हती. त्या शाळेने डोंगर आणि समुद्र हेच शिक्षक मानले, आणि इतरांना वाचवण्याचे शिक्षण अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवले.

गोव्यालाही या परंपरेत स्वतःची जागा आहे, फक्त आपण ती मुलांना सांगत नाही. दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादई' या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच कारखान्यातल्या 'तारिणी'तून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी पृथ्वीला वळसा घालून गोव्यातच परतल्या. घाटात उगम पावणाऱ्या नदीचे नाव त्या पहिल्या नौकेला दिले गेले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि दक्षिण महासागराच्या लाटांत शिडे सांभाळणाऱ्यांचे प्राण ज्या जोडणीवर अवलंबून होते, ती जोडणी मांडवीच्या काठी करणारे कारागीर हेही माझ्या लेखी दोर धरणारेच.

यावर सर्वांत आधी येणारा आक्षेप एका शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थापनाने मला थेट विचारला होता: कुणाचे बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? त्या वर्षी आमची सहल रद्द झाली. प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि मुलांचा जीव हा कुठल्याही शैक्षणिक प्रयोगापेक्षा मोठा आहे. पण ज्यांना आपण नेत नाही ती मुले घरी बसत नाहीत. ती पाच-सहा जणांच्या टोळक्याने, दुचाकींवरून, कधी बाटली घेऊन, धबधब्याच्या कोंडीत, म्हणजे खालच्या डोहात, उतरतात किंवा पडीक खाणीच्या खंदकात पोहायला जातात. पावसाळ्यात मनाईचे आदेश निघतात, फलक लागतात, आणि तरीही बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. वरच्या अंगाला पाऊस कोसळला की व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी आधी गढूळ होते, मग त्यातून पालापाचोळा आणि काटक्या यायला लागतात, आवाज जड होतो, आणि पुढच्या काही मिनिटांत लोंढा येऊन थडकतो. आमच्याबरोबर येणारे गावातले एक वयस्क गृहस्थ बोलता बोलता एकदम थांबून पाण्याकडे बघतात आणि सगळ्यांना काठावर यायला सांगतात. त्यांना हे कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. म्हापशाच्या किंवा मडगावच्या मुलाला ते शिकवावेच लागेल, आणि ते फलकावर लिहून शिकवता येत नाही. शेवाळलेल्या दगडावर पाऊल कसे टाकायचे, कोंडीचा तळ दिसत नसेल तर तिच्यात का उतरायचे नाही, माघारी कधी फिरायचे, हे सगळे जाणत्या माणसाच्या सोबतीने पायांनीच शिकावे लागते. माघारी फिरण्याचा निर्णय घेता येणे ही तर गिर्यारोहणातली सर्वांत अवघड विद्या आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. म्हादई आणि मोले ही जंगले वाघांची आहेत. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मारले गेले, मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात जागोजागी वणवे भडकले. अशा ठिकाणी माणसांची वर्दळ वाढवायची का? गर्दीची वर्दळ मुळीच नको, हे माझे उत्तर आहे. एका सोमवारी एका धबधब्यापाशी आमच्या मुलांनी दोन गोणी भरून प्लास्टिक आणि बाटल्या उचलल्या, त्या मागे टाकणाऱ्यांत चालायला शिकलेला कुणी असेल असे मला वाटत नाही. अभयारण्याच्या गाभ्यात कोणी जाऊ नये, बाहेरही दहा-बारांची तुकडी पुरेशी आहे, आणि काही ऋतूंत जंगलाला एकटे सोडावे. पण जे रान कधी पायाखाली आलेच नाही त्याच्यासाठी कुणी उभे राहील, अशी अपेक्षाही धरता येत नाही. २०२० साली मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध जी तरुण मंडळी उभी राहिली, त्यांतली माझ्या ओळखीची सगळी मुले त्या जंगलात चाललेली होती.

मग करायचे काय? नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यांतले दोन दिवस डोंगराला द्यावेत. त्यासाठी हिमालय लागत नाही. पारोड्याचा चंद्रनाथ किंवा बोरीचा सिद्धनाथ पुरतो, आणि त्या डोंगरांवर देवळे असल्यामुळे घरच्यांचीही हरकत निघत नाही. अकरावी-बारावीच्या ज्या मुलांना गोडी लागेल त्यांना कातळावर, प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली, दोराचे शिक्षण द्यावे. प्रत्येक तालुक्यातून चार-पाच तरुण दर वर्षी उत्तरकाशी किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत सरकारी खर्चाने पाठवले तर पाच-सहा वर्षांत आपल्याला आपलेच प्रशिक्षक मिळतील. महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष ठरवले. आपल्या सरकारने ते समोर ठेवून, गोव्याच्या जंगलाला आणि पावसाला साजेसे नियम करावेत.

याहून निकडीची गोष्ट बचावाची आहे. २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक उभे आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. दूधसागर, मये अशी मोजकी ठिकाणे सोडली तर डोंगराकडच्या बाजूला असे कुणी नाही. दरीत कुणी पडले तर अग्निशमन दलाचे जवान शहरातून निघतात आणि त्यांना वाट दाखवायला गावातलाच माणूस पुढे होतो. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' या गिर्यारोहकांच्या संस्थेची मुले वर्षानुवर्षे हे काम विनामोबदला करत आली आहेत. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जण गेले, तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिर्यारोहक दोर लावून त्या दरीत उतरले होते. छंद म्हणून शिकलेले दोरकाम त्या दिवशी कुणाच्या तरी आईबापांना त्यांचे माणूस शेवटचे पाहता यावे म्हणून कामी आले. वाळपई, कुळे, नेत्रावळी आणि गावडोंगरी या चार ठिकाणी गावातल्याच तरुणांची अशी पथके, अग्निशमन खात्याशी जोडलेली, विमा आणि मानधन असलेली, उभी करता येतील. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्यावर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचा कामधंदा गेला. तेव्हा शाळेत असलेली मुले आज पंचविशीत आहेत आणि सरकारी भरतीच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसली आहेत. त्यांना रान ठाऊक आहे, पाणी ठाऊक आहे, फक्त दोर ठाऊक नाही.

काजूच्या भट्टीवरचा तो मुलगा बारावी झाला, बेताच्याच गुणांनी. या वर्षीच्या जानेवारीत नव्या तुकडीला घेऊन आम्ही त्याच कातळावर गेलो तेव्हा तो सुट्टी काढून मदतीला आला होता. माथ्यावर दोर बांधायला मी निघालो, पट्टा चढवला, गाठ मारली आणि वळलो. "सर, जरा थांबा," असे म्हणून तो जवळ आला, माझी गाठ त्याने दोन्ही बाजूंनी वळवून पाहिली, तिचा मोकळा सुटलेला शेव ओढून घट्ट केला, आणि मग मान हलवून मला वर जायला सांगितले.